बिनकामाचा प्रवास : वाई ते सांगली, सायकलवरून
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



आपल्या चिटणीसबाईंनी मला आज प्रवासाविषयी चार शब्द सांगण्याची आज्ञा केली आहे. प्रवास म्हटला की ऐकणाऱ्यांच्या मनात काशी, रामेश्वर, निदान सिंगापूर तरी येते. माझा प्रवास वाईपासून सांगलीपर्यंतचा आहे. सकाळी एस.टी.त बसावे आणि दुपारच्या जेवणाला सांगलीत पोचावे, इतका तो जवळचा. आम्ही सात जणींनी मात्र त्याला चार दिवस लावले, कारण आम्ही गेलो सायकलवरून. गेल्या फेब्रुवारीच्या अखेरीस, द्राक्षांचा हंगाम भरात असताना, आपल्या मंडळातल्याच सात जणी निघाल्या. सर्वांत धाकटी चौतीस वर्षांची आणि सर्वांत वडील त्रेसष्ट वर्षांची. सात सायकलींपैकी तीन मुलांनी वापरून माळ्यावर टाकलेल्या, दोन उसन्या आणि दोन गिअरच्या नव्या. नवी सायकल जिच्याकडे होती तिचाच चढावर आधी दम गेला, हे तिच्या परवानगीने सांगते.

ही कल्पना आमच्या डोक्यात आली ती फोटो पाहून. आमच्यातल्या एकीची लेक फ्रान्समध्ये असते. तिने अल्सास नावाच्या प्रांताचे फोटो पाठवले होते. डोंगरउतारावर द्राक्षांचे मळे, मधून जाणारी अरुंद वाट, पाचसहाशे वर्षांपूर्वीची दगडी आणि लाकडी घरांची गावे आणि त्या वाटेने आरामात सायकली हाकणारी म्हातारी-कोतारी माणसे. तिथल्या लोकांनी 1953 साली या गावांना जोडणारा ‘द्राक्षमार्ग’ म्हणून एक रस्ता जाहीर केला. तो सुमारे 170 किलोमीटरचा आहे. त्यावर जगभराची माणसे येतात. फोटो पाहून होताच आमच्या वडील बाई म्हणाल्या, “अगं, डोंगर आपल्याकडे आहेत, जुनी गावे आहेत, द्राक्षे तर तासगावात ढिगाने आहेत. नाही ती फक्त सायकलवरची बाई.” झाले, तिथेच ठरले. नकाशा पाहिला, तेव्हा वाई, सातारा, औंध, किर्लोस्करवाडी, तासगाव, सांगली हा आमचा रस्ताही जवळजवळ तेवढ्याच लांबीचा भरला!

आता घरोघरी काय झाले ते सांगायला हवे. कुणीही ‘जाऊ नकोस’ असे म्हटले नाही. हल्ली तसे कुणी म्हणत नाही. प्रश्न एकच आला, आणि तो सातही घरांत आला : “पण काम काय आहे तिकडे?” मी त्या प्रश्नाचा पुष्कळ विचार केला. आपण बायका आयुष्यात थोडा का प्रवास करतो? माहेरी जातो, लेकीच्या बाळंतपणाला जातो, लग्नाला, बाराव्याला, दवाखान्यात, देवाला जातो. प्रत्येक वेळी कुणाचे तरी काही काम असते. कामाशिवाय, केवळ आपला मुलूख पाहावा म्हणून बाई घराबाहेर पडली, तर ते कुणालाच पटकन समजत नाही. खुद्द बाईलाही समजत नाही. आमच्यातल्या एकीने शेवटी घरी सांगून टाकले, “सांगलीहून हळद आणायची आहे.” आणि तिला ताबडतोब परवानगी मिळाली!

वाईपर्यंत सायकली टेम्पोतून नेल्या. पहिल्या दिवशी सकाळी ढोल्या गणपतीला नमस्कार केला आणि जवळच्या मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि कृष्णेचा घाट पाहून साताऱ्याकडे वळलो. महामार्ग जमेल तिथे टाळला. महामार्गावर सायकलवाल्याला कुणी माणसात मोजत नाही. गावातल्या रस्त्यांवर मात्र ज्वारीची कणसे, उसाच्या गाड्या, पारावरची मंडळी, सारे हाताच्या अंतरावरून जाते. सायकलचा वेग मोठा सोयीचा आहे. पायी चालताना पुढचे गाव येता येत नाही आणि मोटारीतून गेले तर येऊन गेलेले कळत नाही. सायकलवरून दोन्ही साधते, आणि कुणी हाक मारली तर एक पाय टेकून थांबता येते.

साताऱ्याच्या अलीकडे लिंब गाव आहे. तिथली बारा मोटेची विहीर आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. आपल्यापैकी किती जणींनी पाहिली आहे? इतकी वर्षे साताऱ्यात राहून मीही पाहिली नव्हती. अष्टकोनी विहीर, सुमारे 110 फूट खोल आणि 50 फूट व्यासाची. एका वेळी बारा मोटा चालाव्यात अशी तिची बांधणी. रुंद पायऱ्यांनी खाली उतरले की दगडी कमानी लागतात, आणि विहिरीच्या मध्यावरच्या पुलावर चक्क एक लहानसा महाल आहे. बाहेर ऊन मी म्हणत होते आणि आत अंगावर शहारा यावा असा गारवा. तिथे एक शिलालेख आहे. शके 1641 ते 1646, म्हणजे इसवी सन 1719 ते 1724 या काळात, शाहू महाराजांच्या कारकिर्दीत, ही विहीर वीरूबाई भोसले यांनी बांधवली, अशी त्यात नोंद आहे. आम्ही त्या अक्षरांवरून बोट फिरवत पुनःपुन्हा वाचले. आंब्याच्या बागेला पाणी मिळावे म्हणून बाईने पाच वर्षे खर्चून काम केले, आणि ते कुणी केले हे दगडावर लिहून ठेवले. लिहिले नसते तर आज आपण ‘कुण्या सरदाराची विहीर’ म्हणून मोकळ्या झालो असतो. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तासगावला मला तिची आठवण झाली.

दुसऱ्या दिवशी सातारा सोडताना कृष्णा आणि वेण्णा यांच्या संगमावर माहुलीला थांबलो. काशीविश्वेश्वराचे देऊळ, घाट, आणि रामशास्त्री प्रभुण्यांचे गाव म्हणून माहुली प्रसिद्ध आहे. तिथेच नदीकाठी महाराणी ताराबाईंची समाधी आहे. राजाराम महाराजांच्या पश्चात 1700 सालापासून औरंगजेबाशी सात वर्षे झुंज चालवणारी ही बाई. 1761 साली साताऱ्यात वारली. राज्य चालवले, सैन्य हलवले, कैद सोसली. एवढ्या बाईची समाधी साताऱ्यापासून अशी हाकेच्या अंतरावर, आणि आमच्या सात जणींपैकी पाच जणींनी ती प्रथमच पाहिली. कारण माहुलीला आम्ही आजवर आलो होतो ते दहाव्याच्या कामाला. त्या कामात मान वर करून इकडे-तिकडे पाहणे शोभत नाही.

माहुलीहून रहिमतपूर. हे आदिलशाही काळातले जुने गाव, त्या काळची मशीद आणि मकबरा अजून उभे आहेत. पुढे औंधपर्यंत चढ-उतार, वारा समोरून, आणि रस्त्यावर बाभळीचे काटे. इथे आमची पहिली पंक्चर झाली. मी मुद्दाम सांगते, कारण ‘पंक्चर झाली तर काय कराल?’ हा दुसरा प्रश्न सगळ्यांनी विचारला होता. आम्ही पान्हा, पंप, पॅच आणि सोल्यूशन बरोबर ठेवले होते आणि निघण्यापूर्वी दोन रविवार सायकलच्या दुकानात बसून शिकून घेतले होते. एका वस्तीवरून घमेले आणि पाणी मागून आणले, ट्यूब बुडवून बुडबुडे कुठे येतात ते पाहिले, घासले, चिकटवले आणि निघालो. वीस मिनिटे लागली. पुरणपोळी जिला येते तिला पंक्चर का येऊ नये, हे मला अजून कळलेले नाही. वस्तीवरच्या आजीबाई हे सगळे उकिडव्या बसून पाहत होत्या. शेवटी म्हणाल्या, “बायास्नी समदं येतंय की! आमचा नातू तर पार रहिमतपुरापत्तूर ढकलत नेतोय.”

औंधला यमाईचे देवस्थान आहे आणि डोंगरावर भवानी चित्रसंग्रहालय आहे. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी ते 1938 साली उभारले. राजा रविवर्म्याची मूळ चित्रे तिथे आहेत, आणि हेन्री मूर या जगप्रसिद्ध इंग्रज शिल्पकाराची ‘माता आणि मूल’ ही दगडातली मूर्तीही आहे. एवढ्याशा गावी! हे राजे सूर्यनमस्काराचे मोठे पुरस्कर्ते होते. 1939 साली त्यांनी गांधीजींच्या सल्ल्याने आपल्या संस्थानाचा कारभार लोकांच्या हाती दिला. डोंगर चढून आमच्या पायांचे गोळे दुखत होते. वडील बाई म्हणाल्या, “राजेसाहेबांचे ऐकून रोज बारा नमस्कार घातले असते तर ही वेळ आली नसती.”

तिसरा दिवस सर्वांत अवघड. पुसेसावळी, कडेगाव आणि देवराष्ट्रे या रस्त्याला सावली कमी. नऊ वाजताच रस्ता तापतो. आम्ही पहाटे साडेपाचला निघालो आणि अकरापासून चारपर्यंत विसावा घेतला. हा माळ पूर्वी पावसाच्या भरवशावर होता. आता ताकारी उपसा योजनेने कृष्णेचे पाणी वर चढवून आणले आहे. जिथे कुसळे होती तिथे ऊस आणि द्राक्षांचे मांडव दिसतात. पाणी किती उंच चढवले आहे हे पुस्तकात वाचून समजत नाही. तोच चढ स्वतः पायडल मारून चढले म्हणजे समजते. देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. शेजारीच सागरेश्वर. जुन्या दगडी देवळांचा तिथला समूह आणि त्याभोवतीची शांतता सांगून कळणार नाही. पलीकडच्या उजाड डोंगरावर धों. म. मोहिते आणि गावकऱ्यांनी झाडे लावून जंगल उभे केले आणि 1985 साली त्याचे अभयारण्य झाले. संध्याकाळी घाट उतरताना आम्हाला हरणांचा कळप दिसला. घाटाच्या उतारावर वारा कानात शिरत होता आणि आमच्या त्रेसष्ट वर्षांच्या बाई मोठमोठ्याने गात होत्या. त्यांना गाता येते हे मंडळात पंधरा वर्षे कुणाला ठाऊक नव्हते.

त्या रात्री मुक्काम किर्लोस्करवाडीला. इथे मला एक जुनी गंमत सांगायची आहे. किर्लोस्कर हे नाव आपल्याला नांगर आणि पंपांमुळे माहीत आहे. पण लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या धंद्याची सुरुवात झाली ती 1888 साली बेळगावात, सायकलींच्या दुकानाने! पुढे 1910 साली औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या कुंडलजवळच्या निवडुंगाच्या माळावर त्यांनी ही वाडी वसवली. आणि याच वाडीतून 1930 साली ‘स्त्री’ मासिक निघाले. आपल्या आयांनी आणि आज्यांनी ते उंबऱ्याच्या आत बसून वाचले. कुणी उघडपणे, कुणी पोथीखाली लपवून. ज्या घराण्याने या भागातल्या लोकांना सायकलीवर बसवले, त्याच घराण्याने बाईच्या हाती मासिक दिले. मासिक आत पोचले. सायकल मात्र पुष्कळ वर्षे बाहेर पुरुषांकडेच राहिली.

शेवटच्या दिवशी पलूसवरून तासगावकडे निघालो आणि खऱ्या अर्थाने द्राक्षांच्या राज्यात शिरलो. पलूसला सरकारने 2001 च्या धोरणानंतर वाइन उद्योगासाठी खास वसाहत काढली. हे ऐकून इथे काही जणी हसत आहेत. आम्ही काही प्यालो नाही, काळजी नसावी! शिवाय आपल्याकडची बहुतेक द्राक्षे खाण्यासाठी आणि बेदाण्यासाठीच जातात. या भागातल्या शेतकऱ्यांची बुद्धी पाहा. बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉम्सन सीडलेस या परदेशी जातीतून निवड करून लांब मण्यांची नवी जात काढली. तासगावचा ‘तास’, आर्वे यांचा ‘अ’ आणि दैवत गणेश, मिळून नाव झाले ‘तास-ए-गणेश’. सांगलीच्या बेदाण्याला 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

रस्त्याकडेला एका बेदाणा शेडवर आम्ही पाणी मागायला थांबलो. शेड म्हणजे वर पत्रा आणि आत तारेच्या जाळीचे दहा-बारा मजली रॅक. बागेतून क्रेट येतात. मणी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून काढतात, म्हणजे साल लवकर सुकते. मग जाळीवर पसरतात. ऊन नको, वारा हवा. पंधराएक दिवसांत बेदाणा तयार होतो. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो होतो. त्यानंतर देठ काढणे, निवडणे, हिरवा-पिवळा-काळा वेगळा करणे. हे सगळे बायका करतात. बागेतसुद्धा घडांची विरळणी करायला, एकेका घडातले मणी कात्रीने कमी करायला बायकाच असतात. आपल्या दिवाळीच्या शिऱ्यात पडणारा एकेक बेदाणा अशा चार-पाच बायकांच्या बोटांतून गेलेला असतो.

निवडायला बसलेल्यांपैकी एकीने आम्हाला विचारले, “आक्का, कुठनं आलासा? कुणाच्या लग्नाला निघालासा काय?”

मी म्हटले, “लग्नाला नाही. असेच, पाहायला.”

“काय बघाय?”

“हेच. तुमचे गाव, बागा, देवळे.”

ती हातातले काम न थांबवता हसली. मग सायकलीकडे पाहत म्हणाली, “माझी बी हुती सायकल. शाळंला जायची मी पाच किलोमीटर. लगीन झालं आन् सायकल धाकट्या भावाला गेली.” मी म्हटले, “मग या की, बसून पाहा.” तिने मुकादमाकडे पाहिले, पदर खोचला आणि बसली. पहिल्या दहा पावलांना हँडल जरा डगमगले. मग ती सरळ शेडच्या भोवती दोन फेऱ्या मारून आली. बाकीच्या बायकांनी निवडण थांबवून टाळ्या वाजवल्या. उतरल्यावर ती एवढेच म्हणाली, “इसरलं नव्हतं की ओ!” आणि परत जाऊन कामाला बसली.

भगिनींनो, तिचे नाव मी विचारले, पण तुम्हाला सांगणार नाही, कारण तशी परवानगी मी तिच्याकडून घेतलेली नाही. पण ते नाव बेदाण्याच्या पेटीवरही नाही. पेटीवर बागाइतदाराचे नाव असते, व्यापाऱ्याचे असते, गावाचे असते. लिंबच्या विहिरीवर वीरूबाईंचे नाव आहे, कारण त्या राजघराण्यातल्या होत्या आणि त्यांनी ते कोरून घेतले. त्या विहिरीचे दगड ज्यांनी डोक्यावरून वाहिले त्यांत बायका नसतील का? त्यांची नावे कुठेच नाहीत. चार दिवस आम्ही जो मुलूख पाहिला तो निम्मा तरी बायकांच्या हातांनी उभा राहिलेला आहे, आणि तो आम्हाला दिसला, कारण आम्ही कुणाच्या कामाला धावत नव्हतो. आम्हाला थांबायला वेळ होता.

तासगावला पटवर्धनांच्या गणपतीचे सात मजली गोपुर पाहिले. परशुरामभाऊ पटवर्धन कर्नाटकाच्या मोहिमांत हिंडलेले. दक्षिणेतली देवळे पाहून तसे गोपुर आपल्या गावी त्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस उभारले. प्रवासात पाहिलेले मनात ठेवून गावी काही नवे करणे, याचे यापेक्षा चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. पुढे कवठे एकंद, माधवनगर करीत दिवेलागणीला सांगलीच्या गणपतीपुढे उतरलो. आणि हो, हळदही घेतली! शब्द दिला होता.

आता ज्यासाठी मी उभी राहिले ते सांगते. तामिळनाडूत पुदुकोट्टाई जिल्ह्यात 1991 च्या सुमारास साक्षरतेची मोहीम चालली होती. तिथल्या जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी अक्षरांच्या जोडीला बायकांना सायकल शिकवण्याचे ठरवले. हजारो खेडवळ बायका शिकल्या. शेतमजूर, खाणीत दगड फोडणाऱ्या, शिक्षिका, परिचारिका. लोकांनी टिंगल केली, पण त्यांनी सायकल सोडली नाही. पाणी आणायला, बाजारात माल न्यायला, मुलाला शाळेत पोचवायला त्यांना कुणाची वाट पाहावी लागेना. आपल्या मंडळाने भरतकाम, पाककृती, हळदीकुंकू, आरोग्य तपासणी, सगळे केले आणि ते उत्तम केले. मंडळाच्या वर्धापनदिनासाठी जमलेल्या निधीतून यंदा एखादी भेटवस्तू कमी द्यावी आणि चार साध्या, बुटक्या सायकली घ्याव्यात, अशी माझी सूचना आहे. शिकवायला आम्ही सात जणी आहोत. पंक्चरसकट शिकवू.

मला ठाऊक आहे, काही जणींना गुडघ्याची भीती आहे, काही जणींना पडण्याची, आणि पुष्कळ जणींना लोक काय म्हणतील याची. गुडघ्यासाठी आधी डॉक्टरांना विचारावे. पडण्यासाठी शाळेचे मैदान मऊ आहे. तिसऱ्या भीतीला माझ्याकडे औषध नाही, पण अनुभव आहे. पावणेदोनशे किलोमीटरांत आम्हाला हसणारे फार तर दहाजण भेटले आणि पाणी, ताक, उसाचा रस, बसायला पोते आणि रात्री निजायला जागा देणारे किती भेटले याचा हिशेब आम्ही ठेवू शकलो नाही.

येत्या रविवारपासून सकाळी सहा वाजता आम्ही शाळेच्या मैदानावर असू. घरी कुणी विचारले की तिकडे काम काय आहे, तर हळदीचे नाव सांगू नका. ‘काही नाही, सायकल चालवायची आहे’ एवढेच सांगा.